ऑस्वल्डने टपावर बांधलेल्या स्की

खरं सांगा, गाडीच्या टपावर गादी बांधून आणि खिडकीतून एक हात बाहेर काढून ती धरत तुम्ही कधी प्रवास केलाय की नाही? केलाय. मान हलवू नका, केलाय. मग हेही सांगा, ऐंशीच्या स्पीडला वाऱ्याने ती गादी उचलली असती तर तुमचा तो एक हात काय धरून ठेवणार होता? नाही ना उत्तर? राहू द्या. ऑस्वल्डकडेही नव्हतं. आणि सामान बांधण्याच्या बाबतीत कतारमधल्या आपल्या लोकांत ऑस्वल्डचा हात धरणारा कुणी नाही.

ऑस्वल्ड वसईच्या पाचूबंदरचा. बापाची मासेमारीची होडी होती, त्यामुळे पोरगा पाटीवर अक्षर गिरवायच्या आधी दोराला फास घालायला शिकला. तरुणपणी दोह्याला आला, एका हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये लागला आणि तिथेच राहिला. बायको पॉलीन नर्स. दोह्याजवळच्या मुऐदरमध्ये एका मोठ्या व्हिलाचे तुकडे पाडून भाड्याने दिलेत, त्यातल्या मागच्या तुकड्यात त्यांचं बिऱ्हाड. आपला कुणी सुट्टीवर गावी निघाला, मग तो वसईचा असो की नाशिकचा, की निघायच्या आदल्या दिवशी ऑस्वल्डला फोन जाणारच. तो येतो, बूट दाराशी काढतो, कार्टनवर गुडघा टेकतो, ब्राऊन टेप, मग नायलॉनची दोरी, मग मार्करने हातभर अक्षरांत नाव. त्याने बांधलेलं कार्टन मुंबई विमानतळाच्या पट्ट्यावर उलटं पडलं तरी आतली बरणी हलत नाही, असं लोक सांगतात. लोक सांगत असतात तेव्हा ऑस्वल्ड न ऐकल्यासारखं करतो, पण कान एक शब्दही सोडत नाहीत.

माणूस दिलदार, पण तव्यासारखा. कधी चटका बसेल सांगता यायचं नाही. स्टोअरमधल्या पोरांना हे ठाऊक होतं, पॉलीनला ठाऊक होतं, आणि सगळ्यांत जास्त ठाऊक होतं त्याच्या लेकीला, फियोनाला.

फियोना दोह्यातच वाढली. अल दुहैलच्या शाळेत शिकली. घरातलं मराठी सगळं समजायचं, पण उत्तर यायचं ते इंग्रजीत. पुढे एका ऑफिसात लागली, आणि ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर जॉर्जियाला बर्फ बघायला म्हणून गेली ती बर्फाची होऊनच परत आली. वाळूच्या देशात वाढलेली पोर, पण पायाला दोन फळ्या बांधून डोंगरावरून खाली यायचं तिला वेड लागलं. सेकंडहँड स्की घेतल्या. उन्हाळाभर त्या पलंगाखाली असायच्या, आणि झाडू मारताना पॉलीनच्या नडगीला लागायच्या. मग एके दिवशी तिने जेवताना सांगितलं की ऑस्ट्रियातल्या एका डोंगराळ गावच्या हॉटेलात रिसेप्शनवर नोकरी मिळाली आहे, थंडी सुरू व्हायच्या आत निघायचं आहे.

ऑस्वल्डने ताट बाजूला सारलं. तो काय काय बोलला ते लिहीत नाही, कारण तुमच्या घरातही कुणीतरी कधीतरी तेच बोललं आहे. त्या बर्फात तुझं काय पुरलंय, इथपासून सुरुवात झाली. फियोना उठून खोलीत गेली. त्यानंतर घरात बोलणं व्हायचं ते पॉलीनच्या मार्फत. डॅडीला सांग मीठ दे. तिला सांग समोरच आहे. पॉलीन दिवसभर पेशंटची दुखणी ऐकायची आणि घरी येऊन या दोघांची पोस्टवूमन व्हायची.

निघायचा रविवार तोंडावर आला तेव्हा पॉलीनचा धीर सुटला. स्की दुखानला होत्या. दुखान म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरची तेलवाल्यांची वसाहत. तिथले गिरीश आणि मृणालिनी मूळ नाशिकचे. त्यांची मुलगी नमिता फियोनाच्या वर्गातली. गिरीश काही वर्षं नॉर्वेत नोकरीला होता, त्याला स्कीच्या कडांना धार लावायला, तळाला मेण घासायला येतं, म्हणून फियोनाने त्या त्याच्याकडे दिल्या होत्या. शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधल्या मिस्साहून बाहेर पडता पडता पॉलीनने जाहीर केलं की तिला ड्युटी आहे, ती टॅक्सीने जाईल, आणि स्की आणायला बापलेक दोघं जातील.

"आणि माझ्यामार्फत बोलायचं असेल तर फोन करू नका," ती म्हणाली. "मी उचलणार नाही."

दुखानचा रस्ता सरळसोट. दोन्ही बाजूंना उघडं माळरान, मध्ये मध्ये उंट अडवायच्या जाळ्या, आणि हिवाळा लागायच्या सुमारास उत्तरेकडून येणारा वारा. अर्धा रस्ता मागे पडला. मग ऑस्वल्डनेच घसा खाकरला आणि विचारलं की त्या गावात चर्च आहे का. आहे म्हणाली. भात मिळतो का. मिळतो. थंडीला अंगात काय घालतात. फियोनाने सांगितलं, थरावर थर. तो म्हणाला, कांद्यासारखं. ती हसली. एवढंच. पण दुखानची कमान दिसेपर्यंत गाडीतली हवा सैल झाली होती. ऑस्वल्डला वाटलं, जमलं. फियोनालाही तेच वाटलं. पुढच्या सगळ्या घोटाळ्याचं मूळ तिथे आहे, हे नीट लक्षात घ्या.

गिरीश शिफ्टवर होता. मृणालिनीवहिनींनी चहा पाजला, डब्यात चिवडा भरला, कुंडीतलं कढीपत्त्याचं रोप पॉलीनसाठी मागच्या सीटवर ठेवलं, आणि चकचकीत झालेल्या स्की बाहेर आणल्या. ऑस्वल्डची गाडी जुनी, तिची मागची सीट पडत नाही. त्याने आधी स्की तिरप्या घालून बघितल्या, मागच्या काचेपासून पुढे गिअरपर्यंत. वहिनी म्हणाल्या, ह्यांनी मुद्दाम सांगून ठेवलंय, आत सुट्या ठेवू नका, जोरात ब्रेक लागला तर भाला होतो त्यांचा, पुढच्या माणसाच्या मानेत जातो. हे ऑस्वल्डला पटलं. मान लेकीची होती.

"मग टपावर," तो म्हणाला. "खलास. मी आहे ना."

डिकीत त्याची दोरी कायम असते. त्याने टपावर पुठ्ठा अंथरला, दोन्ही स्की एका चादरीत गुंडाळल्या आणि वर चढवल्या. आता स्की कधी हातात घेतली नसेल तर सांगतो. लांब अरुंद फळी, एक टोक सपाट, दुसरं टोक वर वळलेलं. ऑस्वल्डने ते वर वळलेलं टोक पाहिलं आणि त्याच्या हातांना विचार करावा लागला नाही. पाचूबंदरच्या माणसाला वर वळलेलं टोक म्हणजे होडीचं तोंड, आणि होडीचं तोंड नेहमी पुढे. दुसरं काही असूच शकत नाही. त्याने टोकं पुढच्या काचेच्या दिशेने केली, एक दोरी पुढच्या दारांतून घेतली, एक मागच्या, आणि अशा गाठी मारल्या की वहिनी बघतच राहिल्या. काय हो हात आहे तुमचा, त्या म्हणाल्या. आमच्या ह्यांना बुटाची नाडी धड बांधता येत नाही.

ऑस्वल्डचा चेहरा त्या दिवसांत पहिल्यांदा उजळला.

फियोना बाजूला उभी होती. टोकं पुढे आहेत हे तिला दिसत होतं. ती मागे हवीत हे तिला पक्कं ठाऊक होतं, जॉर्जियात पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. तिच्या पायाशी असलेल्या बॅगेत टपावर ठेवायच्या फोमच्या गाद्या आणि बकलचे पट्टे होते, ते तिने त्याच कामासाठी आणले होते. तिने बॅगेच्या चेनला हात लावला. बापाच्या चेहऱ्याकडे बघितलं. आणि हात काढून घेतला.

तुम्ही म्हणाल, मूर्ख पोरगी. म्हणू नका. आपण सगळे हेच करतो. घरातल्या तापट माणसाचा मूड बरा असला की आपण तो काचेच्या भांड्यासारखा दोन्ही हातांनी सांभाळतो, आणि बाकी सगळं, ब्रेकपासून बीपीच्या गोळीपर्यंत, उद्यावर टाकतो. याला आपण समजूतदारपणा म्हणतो. हॉस्पिटलचे अर्धे वॉर्ड या समजूतदारपणाने भरलेले असतात.

गाडी वसाहतीबाहेर पडली, रस्त्याला लागली, आणि वेग वाढला तसा टपावर फडफडाट सुरू झाला. ऑस्वल्ड म्हणाला चादर आहे, दुसरं काही नाही. फियोनाने खिडकीतून हात बाहेर काढला आणि वर धरायला बघितलं. वारा त्या वळलेल्या टोकांखाली शिरत होता आणि ती उचलत होता. नायलॉनची दोरी ताणली तर लांबते. ती लांबली, स्की जराशा मागे सरकल्या, आणि पुढचा फास टोकांवरून अलगद निसटला. मग काय उरलं? चादर शिडासारखी उभी राहिली, धाडकन आवाज झाला, आणि आरशात ऑस्वल्डला दिसलं की एक लांब वस्तू हवेत कोलांटी खाऊन मागच्या पांढऱ्या गाडीसमोर पडतेय.

पांढरी गाडी डावीउजवीकडे हेलकावली, टायर किंचाळले, आणि ती रस्त्याच्या कडेला रेतीत जाऊन थांबली.

ऑस्वल्डने गाडी बाजूला घेतली, लुकलुकणारे दिवे लावले. फियोनाला म्हणाला, उतरायचं असेल तर रेतीकडच्या दाराने उतर, डांबरावर पाय ठेवू नको. त्याचा आवाज तिने असा कधी ऐकला नव्हता. पांढऱ्या गाडीतून एक बाई उतरली होती. नजमा नाव तिचं, दुखानमध्येच शिकवायची, हे नंतर कळलं. मागच्या सीटवर तिच्या दोन लहान मुली बेल्ट लावून बसल्या होत्या, रडतही नव्हत्या, नुसत्या बघत होत्या. कुणाला खरचटलंही नव्हतं. ऑस्वल्ड सॉरी म्हणाला, परत म्हणाला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही.

"शीशे पे आता तो?" तिने हळू आवाजात विचारलं. "भाईसाब, शीशे पे आता तो?"

फियोनाने तिला पाण्याची बाटली दिली, तिने आधी मुलींना पाजलं, मग स्वतः प्याली, आणि सामान नीट तपासून मगच निघा असं सांगून ती निघून गेली.

रस्ता मोकळा झाल्यावर ऑस्वल्डने धावत जाऊन स्की उचलून आणली. दुसरी अजून टपावरच होती, मागच्या दोरीत अडकून आडवी झालेली. तो गाडीला टेकून उभा राहिला आणि मागच्या दोरीची गाठ चाचपू लागला.

"गाठ सुटली नाही," तो म्हणाला. "बघ. गाठ आहे तशीच आहे."

फियोना नेहमी इंग्रजीत उत्तर द्यायची. आता मराठीत बोलली.

"गाठीचं नाही रे डॅडी. तोंड उलटं होतं. टोकं मागे पाहिजेत, म्हणजे वारा वरून निघून जातो."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"तू बांधत होतास तेव्हापासून."

"मग मूग गिळून का बसलीस, बाय?" तो ओरडला. "त्या बाईच्या पोरी होत्या मागे."

"इतक्या दिवसांनी तू माझ्याशी बोलत होतास," फियोना म्हणाली. "म्हटलं, आज नको. परवा तर मी जाणारच आहे."

ऑस्वल्डच्या तोंडात पुढचं वाक्य तयार होतं. तापट माणसाचं कायम तयार असतं. पण ते बाहेर आलं नाही. गाड्या शेजारून जात होत्या, प्रत्येक गाडी गेली की त्याची जुनी गाडी हलायची. त्याच्या डोक्यात बाईचा प्रश्न नव्हता, त्याहून वाईट काहीतरी होतं. त्याची लेक त्याला घाबरते म्हणून नाही, तो दुखावेल म्हणून गप्प बसली होती. आणि स्टोअरमधली पोरं? पॉलीन? कोण कोण काय काय बघत गप्प बसलं असेल आजवर, आणि तो समजत आला की आपण चुकतच नाही. माणसाची इतकी किंमत ठेवतात का कुणी, की त्याला खरं सांगायचंच नाही? ही किंमत नव्हे. हे वाळीत टाकणं आहे, नुसतं प्रेमाने केलेलं.

तो रेतीत बसला. नायलॉनची दोरी त्याच्या हातात होती, ती त्याने गुंडाळली आणि खाली ठेवली.

"शिकव," तो म्हणाला.

फियोनाने बॅग उघडली. पट्टे बघून त्याने कपाळावर हात मारला. तिने आधी पडलेली स्की डोळ्यासमोर धरून लांबवर नजर टाकली, जसा बाप काठी सरळ आहे का बघायचा. वाकली नव्हती. वरच्या रंगावर लांब ओरखडा आला होता, तेवढंच. तिने चादर काढून टाकली. दोन्ही स्की तळाला तळ लावून जोडल्या, दोन ठिकाणी बांधल्या, फोमच्या गाद्या टपावर आडव्या ठेवल्या आणि टोकं मागे केली. पट्टे दारांतून आत घेतले. ऑस्वल्डने सवयीने गुडघा टेकून जोर लावला, तेव्हा ती म्हणाली, एवढा नको, टपाला खळगा पडेल. त्याने जोर कमी केला. तिने पट्ट्याला मध्ये एक पीळ दिला. हे कशाला, त्याने विचारलं. पीळ नसला की वाऱ्याने पट्टा रस्ताभर घुमतो, ती म्हणाली. शिडाचा दोरही घुमतो, तो म्हणाला, आणि दोघंही एकाच वेळी हसली.

यल्ला, चला, म्हणून निघाले, तर थोडं पुढे गेल्यावर फियोनाने पंपावर गाडी घ्यायला लावली. आता काय, तो म्हणाला. उतर आणि हात लावून बघ, ती म्हणाली. त्याने हात लावला. पुढचा पट्टा सैल झाला होता, थोडासाच, पण झाला होता. नवीन बांधलेलं आधी बसतं आणि मग सैल होतं, म्हणून एकदा थांबायचंच असतं. त्याने बकल स्वतः आवळलं, तिच्याकडे बघितलं, तिने मान डोलावली तेव्हाच सोडलं.

पंपावरच्या टपरीवर त्यांनी करक, म्हणजे तिथला दाट दुधाचा चहा, घेतला. कागदी कप हातात धरून ऑस्वल्डने तिला जे इतके दिवस सांगता आलं नव्हतं ते सांगितलं. बर्फाची भीती नव्हती त्याला. नोकरीचाही राग नव्हता. ती गेली की त्या घरात बांधून द्यायला कुणाचं काही उरणार नाही, त्याचा राग होता. हे त्याने इतकं तुटक सांगितलं की दुसऱ्या कुणाला कळलं नसतं.

फियोनाने कप खाली ठेवला. "मग मला सांगत जा ना. ओरडत जाऊ नको, सांगत जा."

"आणि तू?"

"मी पण."

रविवारी दुपारी मुऐदरच्या त्या व्हिलाच्या अंगणात शेजारपाजार जमला होता. पॉलीनने तांदळाच्या पिठाचे लाडू, बोंबलाची चटणी, काय काय भरलं होतं, आणि तिच्या कार्टनला ऑस्वल्डने नेहमीसारखी दोरी घातली होती. ऑस्टिन नावाचा शेजारी, जो स्वतःच्या पोरांच्या सायकली टपावर सुतळीने बांधून फिरतो, तो मोठ्याने म्हणाला की ऑस्वल्डच्या हातचं आहे, बघायची गरज नाही. सगळे हसले. ऑस्वल्डनेही एकदा गाडीभोवती चक्कर मारली. स्की टपावर होत्या, टोकं मागे, पट्ट्यांना पीळ. त्याने चावी खिशातून काढली आणि मग सगळ्यांसमोर, ज्या लोकांनी त्याचं नाव मोठं केलं त्यांच्यासमोर, विचारलं.

"बाय, बरोबर आहे का बघ."

पॉलीनने पदर नव्हता म्हणून ओढणीचं टोक तोंडाला लावलं. फियोना गाडीभोवती फिरली, पट्टे ओढून बघितले, आणि मागच्या दाराशी थांबली.

"हे टोक बाहेर लोंबतंय," ती म्हणाली. "चाकात जाईल."

"कुठे?" तो म्हणाला, वाकला, आणि ते टोक उचलून आत खोचलं. रागावला नाही. कान मात्र लाल झाले होते.

मग बापलेक पुढे बसली, पॉलीन मागे कार्टनशेजारी, आणि गाडी विमानतळाच्या दिशेने निघाली. फियोना आता तिकडे आहे. दर रविवारी फोन येतो, आणि कधी कधी ती फोनवर तिच्या गाडीचे टायर दाखवते, बर्फाचे आहेत का बघ म्हणून. ऑस्वल्डला त्यातलं काही कळत नाही. तरी बघतो, आणि काय दिसलं ते सांगतो.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. पुढच्या वेळी गाडीवर काहीही चढवाल, शिडी, सायकल, कपाट, स्की, तेव्हा चावी फिरवायच्या आधी शेजारी बसणाऱ्याला विचारा, बरोबर आहे का. आणि त्याने नाही म्हटलं, तर तोंड वाकडं करू नका. खाली उतरा आणि तो सांगतो तसं पुन्हा बांधा.